एकतिसाव्या चालीला झालेली बरोबरी

डाव ६४ चालींचा, निकाल अर्धा-अर्धा. पांढऱ्याने आठव्या चालीला एक प्यादं मारलं आणि ती आघाडी त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. काळ्याला ते प्यादं कधीच वसूल करता आलं नाही. तरीही डाव बरोबरीत सुटला. भोवती जमलेल्या मंडळींचं एकमत होतं की गुरुजींनी शेवट जबरदस्त वाचवला. मला तसं वाटत नाही. गुरुजी चांगलं खेळले, पण शेवटी वाचवण्यासारखं अवघड काही उरलंच नव्हतं. बरोबरी ३१व्या चालीला झाली आणि ती पांढऱ्याने स्वतःच्या हाताने केली. त्यासाठीच हा डाव सविस्तर मांडतो आहे.

जागा दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं एक तालुक्याचं गाव. शनिवार-रविवारची स्पर्धा, सहा फेऱ्या, एका मंगल कार्यालयात. टेबलं बिछायत केंद्रातून भाड्याने आणलेली, त्यातली निम्मी डुगडुगणारी. दिवस जानेवारीचे, कापसाची शेवटची वेचणी सुरू, त्यामुळे आलेल्यांपैकी काहींचा एक कान सतत फोनकडे. वेळ प्रत्येकी ६० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद वाढीव. ही वाढीव वेळ या प्रकरणात महत्त्वाची आहे. आपल्याकडे गावोगावी होणाऱ्या बहुतेक स्पर्धा एका दिवसात उरकायच्या असतात. पंधरा-वीस मिनिटांचा रॅपिड, घड्याळ वाजलं की डाव खलास. तशा स्पर्धेत हाच शेवट बहुधा घड्याळाने ठरवला असता. इथे तो पटावर ठरला.

पांढऱ्याकडून खेळणारा तिशीतला, कृषी केंद्र चालवतो. मोबाईलवर भरपूर खेळतो, सुरुवातीच्या चाली त्याला पाठ आहेत. काळ्याकडून जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. सुरुवात सरळसाधी, शेवटाचा अभ्यास मात्र जुना, वहीत आकृत्या काढून केलेला. दोघांचं फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग पंधराशेच्या घरात. २०२४च्या मार्चपासून फिडेने किमान रेटिंग १४०० केलं, तेव्हापासून पंधराशे हा आकडा पूर्वीइतकं काही सांगत नाही, पण दोघं तोडीस तोड होते एवढं धरून चाला.

सुरुवात कारो-कान या बचावाची (घरांची नावं अशी: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८). ई४ सी६, डी४ डी५, मग प्याद्यांची मारामारी: ई५ऐवजी पांढऱ्याने डी५वर मारलं, काळ्याने सी-प्याद्याने परत मारलं. चौथ्या चालीला उंट डी३, घोडा सी६. सी३, घोडा एफ६. सहाव्या चालीला उंट एफ४ आणि काळ्याचा उंट जी४वर. सातव्या चालीला वजीर बी३. इथपर्यंत हा डाव जसाच्या तसा १९७०च्या बेलग्रेडमधला आहे. सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यात फिशर पेट्रोस्यानविरुद्ध असाच खेळला होता. पेट्रोस्यानने तिथे घोडा ए५वर नेऊन वजिराला हुसकावलं. फिशरने ए४वरून शह दिला, काळ्याचा उंट डी७वर आला, वजीर सी२वर परतला. तो डाव फिशर जिंकला, पण प्यादं काही पडलं नव्हतं.

गुरुजींनी सातव्या चालीला एच६ केलं. दिसायला साधी, पक्की चाल. जी५वर पहारा बसला, पण बी७ उघडंच राहिलं. पांढऱ्याने लगेच वजिराने बी७ मारलं. गुरुजी निश्चिंत होते. बी७चं प्यादं खाणारा वजीर अडकतो, असं आपण सगळेच ऐकत आलो आहोत. त्यांचा बेत सरळ होता: उंट डी७वर आणून सी६चा घोडा राखायचा, वजीर मागे गेला की हत्ती बी८वर आणून बी२ मारायचं. उंट डी७वर आला, वजीर बी३वर परतला, आणि मग गुरुजींच्या लक्षात आलं की बी८ हे घर आपलं नाही. एफ४वरचा उंट ई५, डी६, सी७ या मोकळ्या कर्णावरून थेट बी८वर रोखलेला. हत्ती तिथे ठेवला तर उंट तो खाणार. पांढऱ्याने हे आधी पाहिलं होतं का, हे मी त्याला विचारलं. तो हसला. म्हणजे नसावं.

यानंतरच्या वीसेक चालींवर फार वेळ घालवत नाही. काळ्याने ए५ करून बी४ला आव्हान दिलं, तिथे एक जोडी गेली. नंतर ई५ने मध्य मोकळा केला, आणखी एक जोडी गेली. वजिरांची अदलाबदल झाली, घोडे-उंट गेले, एकेक हत्ती गेला. पांढऱ्याने डी५ मारलं तेव्हा काळ्याने बी४ मारलं. दोन्ही बाजूंनी मोठी चूक नाही, मोठं कौतुकही नाही. हत्तींचा शेवट उरला, म्हणजे पटावर फक्त राजे, एकेक हत्ती आणि प्यादी.

आता मूळ मुद्दा. पट मांडूनच पाहा. पांढरा: राजा ई२, हत्ती डी१, प्यादी ए४, एफ२, जी२, एच३. काळा: राजा एच७, हत्ती ए८, प्यादी एफ७, जी७, एच६. एकतिसावी चाल पांढऱ्याची. काळ्याच्या हत्तीचा डोळा ए४वर आहे, म्हणजे काहीतरी करायलाच हवं.

दोन चाली डोळ्यासमोर येतात. एक, हत्ती ए१: प्याद्याच्या पाठीमागे जाऊन बसायचं. दुसरी, हत्ती डी७: सातव्या रांगेवर घुसायचं. राजा एच७वर असल्याने एफ७ला कोणाचाच आधार नाही. काळ्याने ए४ खाल्लं तर पांढरा एफ७ खाणार. प्यादं गेलं, प्यादं आलं. एक प्यादं जास्तच.

पांढऱ्याने डी७ खेळली. तेव्हा त्याच्याकडे २२ मिनिटं होती, गुरुजींकडे ९. विचार केला तो जेमतेम मिनिटभर. नंतर त्याने कारण सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे: ‘हत्ती सातव्या रांगेवर गेला पाह्यजे, हे तं लहानपणापासून ऐकलं. ए-एकवर जाऊन नुसता राखण करत बसला असता.’ सातव्या रांगेचा नियम खोटा नाही. पण हत्तींच्या शेवटात दुसराही एक नियम आहे, तार्राश या जर्मन खेळाडूच्या नावाने ओळखला जातो: मोकळं सुटलेलं प्यादं (ज्याची वाट अडवायला समोरचं प्यादं उरलेलं नाही) आपलं असो की समोरच्याचं, हत्तीची जागा त्याच्या पाठीमागे. दोन नियम एकमेकांना भिडले, आणि त्याने जो जास्त आक्रमक दिसला तो उचलला. क्लबात हे मी पुन्हापुन्हा पाहतो. नियम माहीत नसल्याने डाव कमी सुटतात. दोन नियमांपैकी ह्या पटावर कोणता लागू, हे मोजायला बसायचा कंटाळा जास्त नडतो.

मोजायला अवघडही नव्हतं. ए१ खेळली असती तर पांढरा हत्ती दिसायला निवांत, पण प्यादं जसजसं पुढे जाईल तसतशी त्याची जागा वाढत जाते. काळ्याचा हत्ती प्याद्याच्या समोर अडकलेला, त्याची जागा दर चालीला कमी होते. आणि राजे पाहा. पांढरा राजा ई२वर, तीन चालींत बी५ गाठतो. काळा राजा एच७वर, त्याला सी७पर्यंत यायला पाच चाली.

एक रेषा, म्हणजे चालींची एक साखळी, पूर्ण देतो. हत्ती ए१, राजा जी६. राजा डी३, राजा एफ६. राजा सी४, राजा ई६. राजा बी५, राजा डी७. प्यादं ए५, राजा सी७. प्यादं ए६, हत्ती बी८ शह. राजा सी५, हत्ती परत ए८. प्यादं ए७, राजा बी७: काळा राजा पोहोचला, आता ए७वर राजा आणि हत्ती दोघांचा मारा, प्यादं पडणार असं वाटतं. इथे पांढरा हत्ती बी१ शह देतो. राजाने ए७ खाल्लं तर हत्ती ए१ शह, राजा बी७, आणि हत्ती ए८ची अदलाबदल. हत्ती संपले. पांढरा राजा सी५वर, काळा ए८च्या कोपऱ्यात. पांढरा डी६, ई७ करत एफ७ उचलतो, पाठोपाठ जी७ही पडतं. प्यादं गेलं तरी डाव जिंकला, कारण त्या प्याद्याने काळ्या राजाला पार दुसऱ्या टोकाला ओढून नेलं होतं.

हे काही नवीन नाही. १९२७ साली ब्युनोस आयरेसला जगज्जेतेपदाच्या सामन्याचा ३४वा आणि शेवटचा डाव अलेखाइनने कापाब्लांकाविरुद्ध याच जातीच्या शेवटातून जिंकला. ए-पट्टीवर मोकळं प्यादं, त्याच्या मागे हत्ती, राजाच्या बाजूला तीनाला तीन प्यादी. तिथेही ते प्यादं वजीर झालं नाही. त्याने काळ्याला एका बाजूला गुंतवलं आणि विजय दुसऱ्या बाजूला मिळाला. आपल्या पांढऱ्याकडे तर काळा राजा एच७वर असल्याने काम आणखी सोपं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? हत्ती डी७, गुरुजींनी लगेच ए४ खाल्लं, पांढऱ्याने एफ७ खाल्लं, राजा जी६वर येऊन हत्तीला अंगावर घेतला, हत्ती बी७वर गेला. हिशेब तोच: पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची दोन. पण सगळी एकाच बाजूला, एफ, जी आणि एच पट्टीवर. काळ्या राजाला कुठेही पळायचं नाही. त्याचं घर आणि रणांगण एकच झालं. हत्तींच्या शेवटात एकाच बाजूला तीनाविरुद्ध दोन प्यादी ही स्थिती पुस्तकात बरोबरीची मानतात, चाराविरुद्ध तीनही बहुधा तशीच. जिंकणारे जिंकतात, पण समोरच्याच्या चुकीने जिंकतात.

पांढऱ्याला हे माहीत नव्हतं. तो म्हणत होता की डाव आता ‘सोपा’ झाला. सोपा झाला होता खरा, पण गुरुजींसाठी.

पुढच्या वीस चालींत पांढऱ्याने प्यादी पुढे रेटली: एफ४, जी४, एच४. गुरुजींनी दोनच गोष्टी सांभाळल्या. हत्ती लांब ठेवायचा, म्हणजे बाजूने आणि मागून शह देता येतात. आणि प्याद्यांची अदलाबदल होत असेल तर नाही म्हणायचं नाही. ४४व्या चालीला पांढऱ्याने जी५ केलं, एच-प्याद्याने मारलं, एच-प्याद्याने परत मारलं. दोनाविरुद्ध एक. पांढऱ्यासाठी ही अदलाबदल काही कामाची नव्हती, कारण प्यादी जितकी कमी तितकं बचाव करणाऱ्याचं काम हलकं. पण हात पुढे गेला की थांबवणं अवघड जातं.

या मधल्या काळात पटाबाहेरही थोडं घडलं. गुरुजींनी ३८व्या चालीला बरोबरी विचारली. रीतीप्रमाणे: चाल केली, विचारलं, मग घड्याळ दाबलं. पांढऱ्याने मान हलवली. ४६व्या चालीला पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. ५०व्या चालीला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पांढऱ्याने पंचांना बोलावलं. नियम त्याच्या बाजूने आहे. समोरच्याला त्रास होईल असं काही करू नये, आणि वारंवार बरोबरी विचारणं त्यात येतं, असं फिडेच्या नियमांच्या अकराव्या कलमात लिहिलेलं आहे. पंच ओळखीतले, वयाने लहान. ‘गुरुजी, आता त्यायले खेळू द्या, तुमी नका विचारू,’ एवढंच म्हणाले. गुरुजींनी ऐकलं. त्यांचा उद्देश वाईट नव्हता. त्यांना स्थिती बरोबरीची आहे हे ठाऊक होतं आणि समोरच्यालाही ते ठाऊक असेल असा त्यांचा समज होता. पण बरोबरीची स्थिती आहे म्हणून समोरच्याने खेळणं थांबवावं, असं बंधन कोणावर नाही. पांढरा खेळत राहिला हे मला बरोबरच वाटतं. २०२५च्या जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकली, तिथेही कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत गेले होते आणि निकाल टायब्रेकमध्ये लागला. बरोबरी म्हणजे कोणीतरी कमी पडलं, हा आपल्याकडचा समज मुळात चुकीचा आहे. ह्या डावात मात्र एकजण कमी पडला होता, फक्त तो कधी पडला हे लोकांना दिसलं नाही.

५१व्या चालीला गुरुजींनी जी६ केलं. पांढऱ्याचा राजा ई४वर. त्याने एफ५ रेटलं, जी-प्याद्याने शह देत मारलं, राजाने परत मारलं. उरलं एकच प्यादं, पांढऱ्याचं जी५. काही चालींनी पट असा झाला: पांढरा राजा एफ५, हत्ती बी७, प्यादं जी५. काळा राजा जी८, हत्ती ए६.

काळ्या हत्तीची ही जागा म्हणजे गुरुजींच्या वहीतली आकृती. फ्रेंच संगीतकार आणि बुद्धिबळपटू फिलिदोर याने १७७७ साली दाखवलेली बचावाची पद्धत. हत्ती सहाव्या रांगेवर आडवा ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे सरकता येत नाही. पांढरा हत्ती इकडेतिकडे फिरला तर आपणही त्याच रांगेवर फिरायचं, ए६, बी६, परत ए६. राजाला वाट करून द्यायला शेवटी प्यादंच सहाव्या रांगेवर यावं लागतं. ते आलं की त्याच क्षणी हत्ती खाली पहिल्या रांगेवर न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. आता राजाला लपायला प्याद्यासमोर घर उरत नाही.

तसंच झालं. ५८व्या चालीला जी६. इथे पांढऱ्याचा एक खरा डाव होता: राजा एफ६ करून बी८वरून मात. गुरुजींनी घड्याळाकडे न पाहता हत्ती ए१वर नेला. राजा एफ६, हत्ती एफ१ शह. राजा जी५, हत्ती जी१ शह. राजा एफ५, हत्ती एफ१ शह. पुन्हा जी५, पुन्हा जी१. पुन्हा एफ५, पुन्हा एफ१. मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी ‘वाह’ म्हटलं आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कौतुकात हरवून गेली. प्यादं जी-पट्टीवर होतं. ए, बी, जी किंवा एच पट्टीवरच्या प्याद्यासमोर राजा असेल, तर काळ्याने हत्ती आठव्या रांगेवर नुसता घट्ट बसवून ठेवला तरी डाव वाचतो, कारण पांढऱ्याला दुसऱ्या अंगाने घुसायला पटावर जागाच उरत नाही. सी ते एफ पट्टीवर प्यादं असतं तर असा बसका बचाव हरला असता आणि फिलिदोरची पद्धत नेमकी येणं गरजेचं झालं असतं. म्हणजे गुरुजींकडे एक सोडून दोन दोर होते. गुरुजींना हे माहीत होतं. पाहणाऱ्यांना नव्हतं.

शेवट नियमाने झाला. ६४व्या चालीला पांढऱ्याचा राजा पुन्हा जी५वर आला. गुरुजींनी हत्ती हलवला नाही. स्कोअरशीटवर ‘हत्ती जी१ शह’ लिहिलं, घड्याळ थांबवलं आणि पंचांना सांगितलं की ही चाल केली की तीच स्थिती तिसऱ्यांदा येते. हा बरोबरीचा दावा करायचा तर असाच करायचा असतो. चाल आधी पटावर केली तर हक्क जातो, निदान त्या खेपेपुरता. दावा चुकला असता तर पांढऱ्याला दोन मिनिटं जास्त मिळाली असती. पंचांनी शीटवरून स्थिती पुन्हा मांडली: ६०, ६२ आणि आता ६४. बरोबर. दोघांनी सह्या केल्या.

मग दोघं बाहेर ओसरीवर पट मांडून बसले. तर्री-पोह्यांच्या प्लेटा बाजूला. पांढरा ५८व्या चालीपासून मागे जात होता, जी६ऐवजी काही होतं का ते शोधत. गुरुजींनी सगळ्या सोंगट्या उचलल्या आणि ३१वी चाल मांडली.

‘बापू, इथं तू हत्ती ए-एकवर नेला असता तं मी आठ-दहा चालीत सही करून चहा प्यालो असतो.’

पांढऱ्याला पटलं नाही. ‘आन् तुमी शह देत सुटले असते तं? ई-आठवरून?’

प्रश्न चांगला होता, कारण काळ्याची खरी आशा तीच. त्यांनी ती रेषा खेळून पाहिली. हत्ती ए१, हत्ती ई८ शह. राजा डी३, हत्ती डी८ शह. राजा सी४, हत्ती डी२, एफ२वर डोळा. पांढरा राखत बसत नाही: ए५. हत्तीने एफ२ खाल्लं. ए६, हत्ती सी२ शह. राजा बी५, हत्ती धावत सी८वर परत. ए७, हत्ती ए८. आता पांढरा राजा बी६, बी७ असा चालत येतो आणि काळ्याला हत्ती देऊन प्यादं घ्यावं लागतं. तोवर काळ्याची एफ, जी, एच प्यादी जेमतेम हललेली. पांढऱ्याकडे पूर्ण हत्ती आणि वर जी२, एच३.

पांढऱ्याने तीनदा तपासलं, काळ्यासाठी मधे कुठे चाल सुधारते का ते पाहिलं. एफ४वरून शह देऊन पाहिला, राजा बी५वर गेला, पुन्हा शह, बी६वर गेला. प्यादं काही थांबेना.

‘ए-एकच होती,’ तो म्हणाला. ‘पण गुरुजी, तुमाले हे सारं तिथं दिसलं व्हतं का?’

‘पयली रेषा दिसली,’ गुरुजी म्हणाले. ‘ही दुसरी नाई. म्हणून तं ए-चार खातानी हात कापत व्हता माह्या, तुले वाटलं असन थंडी हाये.’